विणकामाच्या सुईवर कापसाचे सूत

(ट्रस्टच्या महिला मंडळाने चालविलेल्या विणकाम वर्गाच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मला येथे बोलण्याचा मान मिळाला, याबद्दल मी आपणा सर्वांचा ऋणी आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मी वडिलांच्या कापडाच्या पेढीवर बसलो, त्याला चार दशके लोटली. सुताचा नंबर, त्याचा पीळ, कापडाचे आटणे आणि रंगाचे टिकणे हा माझा रोजचा व्यवहार. विणकामाच्या सुया मात्र मी कधी हाती धरलेल्या नाहीत. त्यामुळे टाके कसे घालावेत हे मी आपणांस सांगू लागलो, तर तो अधिकाराबाहेरचा उद्योग ठरेल. टाका आपला, सूत माझे, अशी वाटणी करून आज मी केवळ सुताविषयी बोलणार आहे.

आपल्याकडे विणकाम म्हटले की लोकर आणि लोकर म्हटले की स्वेटर, असे समीकरण मनात पक्के बसले आहे. वस्तुतः विदर्भ, खानदेश, सोलापूर या भागांत उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि थंडीचे खरे दिवस मोजकेच असतात. महिना-दीड महिना खपून विणलेला स्वेटर वर्षातून दहा-पंधरा दिवस अंगावर येतो आणि उरलेले वर्ष डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीने ट्रंकेत काढतो. पुढे नातवंडे मोठी होतात, स्वेटर लहान होतो आणि विणणाऱ्या हातांनाही वाटू लागते की आता हे कशासाठी? घरोघरी सुया बाजूला पडल्या, त्याचे एक कारण मला हे दिसते. हाताचे कसब कमी झालेले नाही. ते कसब चुकीच्या धाग्यावर आणि चुकीच्या ऋतूवर खर्च होत आले आहे.

दुसरी गोष्ट मी व्यापारी म्हणून सांगतो. दुकानात ‘लोकर’ म्हणून जो रंगीबेरंगी गुंडा मिळतो, तो बहुधा मेंढीच्या लोकरीचा नसतो. तो असतो ॲक्रिलिकचा, म्हणजे खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांतून कारखान्यात तयार झालेल्या धाग्याचा. तो स्वस्त आहे, हलका आहे, धुण्यास सोपा आहे आणि थंडीत त्याचा उपयोगही आहे. परंतु घाम शोषण्याचा गुण त्याच्यात जवळजवळ नाही. सर्वसाधारण दमट हवेत १०० ग्रॅम कोरडा कापूस सुमारे ८ ग्रॅम ओलावा आपल्यात सामावून घेतो. जवसाचा धागा, ज्याला आपण लिनन म्हणतो, तो १० ते १२ ग्रॅम घेतो. ॲक्रिलिक दीड-दोन ग्रॅमवर थांबते आणि पॉलिएस्टर तर अर्धा ग्रॅमही घेत नाही. हे आकडे पाहिले म्हणजे चैत्र-वैशाखात जन्मलेल्या बाळाला कौतुकाने घातलेले ‘लोकरीचे’ टोपडे बाळाला नकोसे का होते, हे निराळे सांगावे लागत नाही.

येथे एक भेद स्पष्ट करतो. आपल्या मराठीत मागावरच्या कामालाही विणणे म्हणतात आणि सुयांवरच्या कामालाही विणणेच म्हणतात. मागावर ताणा आणि बाणा असे उभे-आडवे दोन धागे एकमेकांत गुंततात. सुयांवर मात्र एकच धागा फास घेत घेत पुढे जातो. फासांमुळे वस्त्राला ताण सहन होतो आणि फासाफासांतील जागेतून हवा खेळते. आपण रोज अंगात घालतो ते बनियन हे असेच फासांचे, यंत्रावर विणलेले, सुती वस्त्र आहे. तमिळनाडूतील तिरुप्पूर हे गाव या होजिअरीच्या धंद्यावर जगभर प्रसिद्धीस आले. सारांश, उन्हाळ्यात फासांनी विणलेले वस्त्र घालण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. बनियनच्या रूपाने ती सदऱ्याच्या आत रोज वावरते आहे.

इतिहासही हेच सांगतो. सुयांवरच्या विणकामाचे जे जुन्यात जुने अवशेष आज संग्रहालयांत जतन केलेले आहेत, त्यांत इजिप्तमध्ये सापडलेले पायमोजे प्रमुख आहेत. ते साधारणपणे अकराव्या ते चौदाव्या शतकांतील मानले जातात आणि ते आहेत कापसाच्या सुताचे, पांढऱ्या आणि निळीने रंगविलेल्या धाग्याचे. म्हणजे ही कला ज्या उष्ण प्रदेशात प्रथम ठळकपणे दिसते, तेथे ती कापसावरच चाललेली दिसते. क्रोशाची गोष्ट त्यामानाने अलीकडची, एकोणिसाव्या शतकातील युरोपची. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा तेथील असंख्य कुटुंबांना स्त्रियांच्या क्रोशाच्या लेसने आधार दिला. ती लेसही बारीक सुती दोऱ्याचीच होती. आपल्या देशात आंध्र प्रदेशातील नरसापूर परिसरात मिशनऱ्यांच्या मार्फत ही कला आली आणि तेथील हजारो स्त्रियांच्या हातांत ती आजही आहे.

आता मुख्य विषयाकडे येतो. उष्ण हवेसाठी कापसाचे सूत सुईवर घ्यावे, हे म्हणणे सोपे आहे. परंतु कापसाला लोकर समजून विणले तर वस्त्र बिघडते आणि दोष मात्र विणणारीच्या माथी येतो. म्हणून सुताचा स्वभाव ओळखून घेणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट, कापसाला लवचिकपणा नाही. मेंढीच्या लोकरीच्या तंतूला जन्मतःच लाटांसारखे वळण असते. ताणले की तो परत आपल्या जागी येतो. कापसाचा तंतू ताणला की ताणलेलाच राहतो. त्यामुळे दोन सुलट, दोन उलट अशी स्वेटरची बॉर्डर सुतात विणली, तर चार वापरांत ती सैल पडते. यावर उपाय असा की अंग १० नंबरच्या सुयांवर विणत असाल, तर बॉर्डर १२ नंबरवर घ्यावी. सुयांचा हा नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, हे आपण जाणताच. १० नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची आणि १२ नंबरची पावणेतीन मिलिमीटरची. त्याहून चांगला उपाय म्हणजे घट्ट बॉर्डरचा हट्टच सोडावा आणि कडेला क्रोशाने मुक्या खांबांची एक-दोन ओळींची किनार द्यावी. आपल्या परंपरेतील झबले, बंडी, सदरा ही वस्त्रे सरळ आणि सैल अंगाची असतात. सुती विणकामाला तोच घाट शोभतो.

दुसरी गोष्ट, सूत जड असते. कापसाचा तंतू लोकरीपेक्षा घन असतो आणि त्याच्या धाग्यात हवा कमी सामावते. जाड सुताचे लांब वस्त्र विणले, तर ते स्वतःच्याच भाराने खाली ओघळते आणि खांदे रुंदावतात. यासाठी धागा बारीक असावा, वीण जाळीदार असावी आणि उंची बेताची असावी. खांद्याच्या शिवणीत आतून सुती पट्टी घालून शिवल्यास खांदा ओघळत नाही. क्रोशाला सुयांच्या विणीपेक्षा सूत अधिक लागते, हेही लक्षात ठेवावे. खांबाला खांब लावून घट्ट विणलेला क्रोशाचा अंगरखा उन्हाळ्यात चिलखतासारखा वाटेल. तोच साखळ्या आणि खांब यांची मोकळी जाळी करून विणला तर हलका होईल.

तिसरी गोष्ट पदरांची. एकेरी सुताला एकाच दिशेचा पीळ असतो. त्याने विणलेले सपाट वस्त्र धुतल्यावर एका बाजूला तिरके वळते. स्वस्त बनियनची बाजूची शिवण पुढे सरकलेली आपण पाहिली असेल, त्याचे कारण बहुधा हेच. दोन वा अधिक पदर उलट दिशेने पिळून केलेले सूत घेतले म्हणजे हा दोष निघून जातो.

येथे थोडा हिशेब मांडतो, कारण त्याने पैसे वाचतात. हातविणकामासाठी म्हणून विकला जाणारा छोटा गुंडा महाग पडतो. सोलापूर, इचलकरंजी यांसारख्या यंत्रमागांच्या गावी सूत कोनवर, किलोच्या भावाने मिळते. सुताच्या नंबराचा अर्थ असा की एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात. २० नंबरचे दुपदरी सूत घेतले तर ते जाडीने १० नंबराएवढे होते. पौंडाला ८४०० वार, म्हणजे १०० ग्रॅमला सुमारे १७०० मीटर. असे चार धागे एकत्र धरले की १०० ग्रॅमला सव्वाचारशे मीटरच्या आसपास लांबी येते आणि १० नंबरच्या सुईला तो धागा अगदी जुळतो. मात्र हे सूत कोरे असेल, म्हणजे धुलाई न झालेले असेल, तर त्यावर कापसाचे नैसर्गिक मेण असते आणि ते पाणी पटकन शोषत नाही. त्याच्या लडी करून, सैल बांधून, धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात उकळून घ्याव्यात आणि मगच विणावयास बसावे.

चौथी गोष्ट, आधी नमुना विणावा आणि तो धुवावा. नमुना विणणाऱ्या भगिनी थोड्या, आणि तो धुणाऱ्या त्याहून थोड्या! दहा सेंटिमीटरचा चौकोन विणावा, वस्त्र जसे धुणार तसाच तो धुवावा, वाळवावा आणि मग मोजावा. उंचीत तो केवळ अर्धा सेंटिमीटर आटला, तरी ५० सेंटिमीटर उंचीच्या वस्त्रात अडीच सेंटिमीटर, म्हणजे एक इंच जातो. कापड दुकानात आम्ही कोरे कापड देताना आटण्यासाठी थोडे जास्त देतो, तसाच हा व्यवहार आहे.

पाचवी गोष्ट वाळवण्याची. कापसाचा एक मोठा गुण असा की ओला झाल्यावर तो अधिक बळकट होतो. म्हणून सुती वस्त्र वारंवार धुण्यास भिण्याचे कारण नाही. परंतु ओले वस्त्र पाण्याने जड झालेले असते. ते दोरीवर टांगले की हातभर लांब होते. टॉवेलात गुंडाळून पाणी दाबून काढावे आणि सावलीत सपाट पसरून वाळवावे. गडद रंगाचे वस्त्र पहिले काही वेळा वेगळे धुवावे.

बाजारात मर्सराइज्ड सूत मिळते, त्याविषयी दोन शब्द. इंग्लंडमधील जॉन मर्सर यांनी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात सूत बुडविण्याच्या क्रियेचे पेटंट १८५० साली घेतले; पुढे सूत ताणून धरून ही क्रिया केली जाऊ लागली, तेव्हा त्याला रेशमासारखी चमक आली. या सुतावर रंग खुलतो आणि टाका स्पष्ट उठून दिसतो. समारंभी ओढणीला, जाळीच्या जाकिटाला ते घ्यावे. बाळाच्या अंगाला मात्र साधे, मऊ सूत बरे. बाळाच्या झबल्याला मोठ्या छिद्रांची जाळी नको, कारण तीत इवली बोटे अडकतात. आणि टोपड्याला लांब नाडीही नको.

कापसाखेरीज इतर वनस्पतींचे धागेही आता विणकामासाठी मिळू लागले आहेत. जवस आपल्या विदर्भात तेलासाठी आणि चटणीसाठी पिकते. धाग्यासाठी उंच वाढणारे वाण वेगळे, आणि त्याचे मोठे पीक फ्रान्स-बेल्जियमच्या किनारपट्टीत होते. हा धागा सुईवर प्रथम दोरीसारखा ताठ लागतो, बोटे दुखतात. पण प्रत्येक धुण्यागणिक तो मऊ होत जातो आणि उन्हाळ्यात त्याच्याइतका थंडावा देणारे वस्त्र विरळा. अंबाडी आणि ताग हे आपल्या शेतातील धागे मात्र अंगावर घालण्यास खरखरीत. त्यांच्या पिशव्या, आसने, परड्या विणाव्यात.

‘बांबू’ या नावाविषयी मात्र सावध राहावे. बांबूचे सूत म्हणून जे मऊ, चमकदार सूत मिळते, ते बहुतेक वेळा व्हिस्कोस असते. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड या रसायनांनी विरघळवून, त्यातून पुन्हा धागा ओढलेला असतो. मूळ वनस्पतीचे हे खरे, पण बांबूचा जसाच्या तसा तंतू त्यात नसतो. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००९ साली अशा मालाला नुसते ‘बांबू’ म्हणून विकणाऱ्या कंपन्यांवर कारवाई केली आणि त्यास रेयॉनच म्हणावे असा आग्रह धरला. व्हिस्कोसचे वस्त्र झुळझुळीत आणि थंड असते, यात संशय नाही. परंतु ओले झाल्यावर त्याचे बळ जवळजवळ निम्म्यावर येते. ते हलक्या हाताने धुवावे, पिळू नये. ‘मिल्क कॉटन’ नावाचे सूतही हल्ली फार खपते. त्यात अनेकदा ॲक्रिलिकचा मोठा भाग असतो. नावावर न जाता वेष्टनावरील घटकांचे प्रमाण वाचावे.

घटक लिहिलेले नसतील, तर घरच्या घरी परीक्षा करता येते. धाग्याचा वीतभर तुकडा चिमट्यात धरून, ताटलीवर, पाणी जवळ ठेवून पेटवावा. कापूस वा जवस जळताना कागद जळल्याचा वास येतो आणि हलकी राखाडी राख उरते. खरी लोकर वा रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येतो. ॲक्रिलिक वितळते, उग्र वास देते आणि मागे काळा टणक मणी सोडते. व्हिस्कोस मात्र कापसासारखेच जळते. त्यासाठी धागा ओला करून ओढून पाहावा. तो कोरड्यापेक्षा सहज तुटला, तर ते व्हिस्कोस समजावे.

आपल्या समाजात रेशीम आणि लोकर वर्ज्य करणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. रेशमाच्या प्रचलित पद्धतीत कोशातील जीव उष्णतेने मारला जातो, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या दृष्टीने वनस्पतिजन्य सूत हा स्वाभाविक मार्ग होय. परंतु कापूस म्हणजे सर्वथा निर्दोष, असे मानून स्वस्थ बसणेही योग्य नाही. कापसाच्या शेतावर कीटकनाशके फवारली जातात आणि त्यांचा उपद्रव शेतकऱ्याला, मजुरालाही होतो. म्हणूनच सुती वस्त्र चार महिन्यांत टाकून देण्यासाठी नसते. हाताने विणलेले वस्त्र उसवता येते, त्याचे सूत लडी करून धुऊन पुन्हा वापरता येते. मागावरच्या कापडात हे शक्य नाही.

शेवटी मोलाविषयी बोलतो. मारिया मीस या अभ्यासक स्त्रीने नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवर ग्रंथ लिहिला, तो १९८२ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे मुख्य निरीक्षण असे की माल परदेशात जात होता, व्यापारी संपन्न होत होते. परंतु स्त्रिया घरात बसून ‘रिकाम्या वेळात’ हे काम करतात अशी समजूत असल्याने त्यांच्या श्रमाला श्रमच मानले जात नव्हते, आणि मजुरी अत्यल्प राहत होती. मी व्यापारी वर्गातील आहे, म्हणूनच हे येथे मुद्दाम सांगतो. आपल्या प्रदर्शनातही ‘सुताचे पैसे निघाले, पुष्कळ झाले’ असे उद्गार ऐकू येतात. भगिनींनो, हा हिशेब अपुरा आहे. समजा, एका जाळीदार अंगरख्यास पाव किलो सूत आणि ३० तास लागले. तासाला केवळ ५० रुपये धरले तरी श्रमाचे १५०० रुपये होतात आणि सुताची किंमत त्यावर वेगळी. एवढा भाव प्रत्येक वेळी मिळेलच असे नाही. तो मिळाला नाही, तर आपण किती सूट दिली हे तरी आपल्याला ठाऊक असावे. ज्या धंद्यात मजुरी लिहिली जात नाही, तो धंदा नफ्यात आहे की तोट्यात, हे कोणत्याही मुनिमाला सांगता यायचे नाही.

म्हणून या वर्गाच्या भगिनींना माझी विनंती आहे. प्रत्येकीने एक वही ठेवावी. तीत सुताचा नंबर, वजन, सुयांचा नंबर, नमुन्याचे धुण्याआधीचे आणि नंतरचे माप, आणि लागलेले तास लिहावेत. पुढील प्रदर्शनात प्रत्येक वस्त्रावर सूत कशाचे आहे आणि विणण्यास किती तास लागले, अशी चिठ्ठी लावावी. घेणाऱ्याला वस्तू कळेल आणि देणारीला स्वतःच्या हाताची किंमत कळेल. नव्या वर्गाचा आरंभ स्वेटरने न करता सुती झबल्याने आणि टोपड्याने करावा. त्यास सूत थोडे लागते, चुका सोसवतात आणि वस्तू दुसऱ्याच दिवसापासून वापरात येते. जे वस्त्र वापरात झिजते, त्याच्या जागी दुसरे विणावे लागते. आपल्या हवेत विणकामाची कला टिकवायची असेल, तर ती अशा रोज झिजणाऱ्या वस्त्रांवरच टिकेल.